चित्रकाराचा कागद



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा 'चित्रकलेच्या पदवीचा इतिहास' असे मी सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आम्हांला वाटले, तुम्ही कामगार चळवळीवर बोलाल." मी म्हटले, "त्यावरच बोलणार आहे." त्यांनी ते थट्टेवारी नेले. पण मी थट्टा केली नव्हती.

प्रथम माझा अधिकार काय तो सांगून टाकतो. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. १९८६ साली मुंबईतल्या एका छापखान्यात, जिथे चित्रांचे ब्लॉक आणि प्लेटा तयार होत त्या खात्यात, हेल्पर म्हणून मी चिकटलो. पुढचे वाचन झाले ते रद्दीत निघालेल्या प्रुफांवर आणि नंतर युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवर. चित्र मला येत नाही. घोडा काढायला गेलो तर आमच्या घरी तो बकरा म्हणून ओळखला जातो. परंतु चित्र कागदावर उतरते कसे आणि ते उतरवणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे मी अनेक वर्षे जवळून पाहिले आहे. तेवढ्या बळावर मी उभा आहे.

चित्रे दोन प्रकारची असतात. एक भिंतीवर टांगायचे. दुसरे मजकुराच्या सोबतीने छापायचे : गोष्टीतला प्रसंग, मासिकाचे मुखपृष्ठ, पाठ्यपुस्तकातला बेडूक, कॅलेंडरवरची लक्ष्मी. या दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत इलस्ट्रेशन म्हणतात; आपल्या मासिकांनी त्याला 'सजावट' असे जरासे दुय्यम नाव देऊन ठेवले आहे. आज या कामाची पदवी मिळते. बारावी झालेला मुलगा वा मुलगी सरकारी प्रवेशपरीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढून दाखवते आणि उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसते. शेवटच्या वर्षी इलस्ट्रेशन हा खास विषय घेता येतो. नावापुढे बी. एफ. ए. लागते. ही साधी वाटणारी गोष्ट घडायला सव्वाशे वर्षे लागली. ती का लागली, हा माझा आजचा विषय.

सुरुवात होते ती सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीपासून. १८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. त्यात हिंदुस्थानच्या कारागिरांचे कापड, धातुकाम, लाकूडकाम पाहून इंग्रज थक्क झाले, आणि आपल्या यंत्राच्या मालाला अशी नक्षी का नाही, अशी चुटपुट त्यांना लागली. त्या वाऱ्यातच १८५३ साली जमशेटजींनी मुंबईत कलाशाळा काढण्यासाठी एक लाख रुपये देऊ केले, आणि २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठही स्थापन झाले. एकाच वर्षी, एकाच शहरात जन्मलेली ही दोन भावंडे! पण त्यांची गाठ पडली कधी, ते पुढे सांगतो.

शाळेचा उद्देश कारागिरांना वळण लावण्याचा होता. सुतार, सोनार, कुंभार, लोहार यांची मुले येतील, आरेखन शिकतील आणि आपापल्या धंद्यात परत जातील, अशी कल्पना. प्रत्यक्षात हळूहळू दुसराच वर्ग बाकांवर दिसू लागला, कारण शाळेत चार बुके शिकलेल्या मुलाला ड्रॉइंग मास्तरची, नकाशे काढणाऱ्याची नोकरी खुणावीत होती. आणि कारागिराच्या मुलाला शाळेत बसून राहणे परवडत नव्हते. हाताने काम करणाऱ्यासाठी म्हणून दार उघडावे आणि आत मात्र दुसऱ्यानेच शिरावे, हा अनुभव आम्हां युनियनवाल्यांना नवा नाही.

१८६५ साली या शाळेत दोन इंग्रज शिक्षक आले. एक जॉन लॉकवुड किपलिंग. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत त्याला मुलगा झाला, तो प्रसिद्ध लेखक रुडयार्ड. आणि मुलाच्या पुस्तकांसाठी बापाने पुढे चित्रे केली. दुसरा जॉन ग्रिफिथ्स. याच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात असे. लेण्यांतल्या अंधारात ही मुले भिंतीवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला करीत. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले एक नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या नकला लंडनला पाठवण्यात आल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला आग लागली, तीत पुष्कळशा जळून गेल्या. पुढे १८९६-९७ मध्ये अजिंठ्यावरचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला तो ग्रिफिथ्सच्या नावाने. ग्रिफिथ्सचे श्रम मोठे होते, त्याबद्दल वाद नाही. परंतु 'हे चित्र कुणाचे?' हा प्रश्न आमच्या धंद्यात त्या लेण्यांपासून चालत आलेला आहे, एवढे ध्यानात ठेवा. तो शेवटपर्यंत आपल्याला सोडणार नाही.

आता शाळेतून छापखान्यात येऊ.

पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ चा. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच्या संस्थापकांपैकी. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली गिरगावात निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. या छापखान्यांनी सरस्वती, लक्ष्मी, राम आणि कृष्ण घराघरांत पोहोचवले, हे आपण ऐकलेले आहे. ते पोहोचवले कसे, हे सहसा कोणी सांगत नाही. शिळाछापाचा दगड येई बव्हेरियाहून. तो वाळू आणि पाणी घालून दुसऱ्या दगडाने घासायचा, आरशासारखा सपाट होईपर्यंत. त्यावर तेलकट शाईने किंवा खडूने चित्र काढायचे, आणि तेही उलटे. कारण छापताना ते सुलटे होते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. लक्ष्मीच्या साडीचा तांबडा एका दगडावर, गालावरची लाली दुसऱ्यावर, सावलीचा करडा तिसऱ्यावर. असे दहा-बारा, कधी त्याहून अधिक दगड, आणि तोच कागद तितक्या वेळा यंत्रातून काढायचा. एक दगड केसभर सरकला की देवीला दोन नाके! मूळ तैलचित्र रविवर्म्याचे खरे. पण ते रंगारंगांत फोडून ठिपक्याठिपक्याने दगडावर चढवणारा माणूसही चित्रकारच होता. त्याची सही कुठल्याच तसबिरीवर नाही. हीच माणसे कापडगिरण्यांच्या ताग्यांवर चिकटवायची रंगीत तिकिटे करीत. या सभेत गिरणगावातली वडीलधारी मंडळी असतील, तर ती तिकिटे त्यांना आठवत असतील.

आपले दादासाहेब फाळके याच रस्त्याने गेले, हे मला नेहमी विलक्षण वाटते. १८८५ साली जे. जे. मध्ये चित्रकला, नंतर बडोद्याचे कलाभवन, नंतर रविवर्म्याच्या चित्रांचा शिळाछाप, १९०८ च्या सुमारास स्वतःचा ब्लॉक व छपाईचा कारखाना, आणि मग सिनेमा. १८९० साली सयाजीरावांनी काढलेले हे कलाभवन म्हणजे हस्तकौशल्याचे आणि तंत्राचे विद्यालय होते. फाळक्यांना कुणी पदवी दिली नाही. त्यांना सगळे येत होते.

शाळेच्या बाजूने याच काळातला मोठा माणूस म्हणजे रावबहादुर धुरंधर. कोल्हापूरचे. १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून जे. जे. त आले आणि १९३१ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. त्या एकेचाळीस वर्षांवर त्यांनी पुढे आत्मचरित्रही लिहिले. पौराणिक चित्रांसाठी त्यांचे नाव आहे. परंतु मला धुरंधर आवडतात ते पुस्तकांतले. किंकेडच्या दख्खनी कहाण्यांना, एडवर्ड्‌सच्या मुंबईच्या गल्लीबोळांच्या पुस्तकाला, रॉथफील्डच्या १९२० सालच्या हिंदी स्त्रियांवरील ग्रंथाला त्यांनी चित्रे काढली. कोळीण कशी चालते, प्रभूंच्या घरची बाई पदर कसा घेते, हे त्या चित्रांत असे टिपले आहे की पाहत राहावे. शाळेतला गुरुजी आणि छापखान्याचा चित्रकार असे दोन्ही एका देहात नांदू शकतात, याचा हा दाखला. तरीही शाळेत तेव्हा छापायच्या चित्राचा वेगळा वर्ग नव्हता.

तो झाला १९३५ साली. दरम्यान जग बदलले होते. 'मासिक मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली होती; १९२९ मध्ये जे. वॉल्टर थॉम्प्सन ही अमेरिकी जाहिरात कंपनी मुंबईत आली होती. सिनेमाची पोस्टरे भिंतींवर चढली होती. गोऱ्या कंपन्यांना आपला साबण, चहा, तूप विकण्यासाठी देशी चेहरे काढणारा माणूस पाहिजे होता. कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन संचालक असताना जे. जे. त कमर्शिअल आर्टचे खाते उघडले आणि ते व्ही. एन. अडारकर यांच्याकडे आले. म्हणजे पाहा, गोष्टीपुस्तकांच्या प्रेमापोटी हे खाते निघाले नाही, ते निघाले बाजाराच्या गरजेपोटी. मला त्यात कमीपणा वाटत नाही. आमचे सारे कौशल्य बाजाराच्या गरजेपोटीच जन्मले आहे. मात्र शुद्ध कलेच्या वर्गातली मंडळी या 'कमर्शिअल'वाल्यांकडे नाक मुरडून पाहत, आणि मुरडलेले ते नाक पुढची कित्येक वर्षे सरळ झाले नाही.

आणि मराठी घरांत कोणाची चित्रे पोहोचली? दीनानाथ दलालांची आणि रघुवीर मुळगावकरांची. दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंकच सुरू केला. मालकाने चित्र कापले, रंग बिघडवला, नाव गाळले, या तक्रारींवर एका चित्रकाराने शोधलेला हा उपाय मला फार मोलाचा वाटतो : स्वतःच मालक व्हायचे. पण तो दलालांना जमला. प्रत्येकाला जमणारा तो उपाय नव्हे.

शाळेच्या दाराबद्दलची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. म्हैसूरच्या एका मुलाने जे. जे. त प्रवेशासाठी अर्ज केला, सोबत चित्रे जोडली. शाळेने कळवले की प्रवेशाला लागणारी गुणवत्ता या चित्रांत दिसत नाही. मुलाने म्हैसूर विद्यापीठाची बी. ए. केली आणि तो मुंबईत येऊन, त्या शाळेपासून चालत काही मिनिटांवर असलेल्या वर्तमानपत्रात बसून पन्नासेक वर्षे चित्रे काढीत राहिला. त्याचे नाव आर. के. लक्ष्मण. पुढे त्याच शाळेने त्याला पाहुणा म्हणून बोलावले. वसंत सरवटे तर व्यवसायाने इंजिनिअर. तेव्हा पदवीवाचून चित्रकार होत नाही, असे कोणी म्हणू लागला तर त्याला ही दोन नावे सांगावीत.

मग पदवी पाहिजे तरी कशाला? मीही तरुणपणी असेच विचारीत असे, आणि मोठ्या तोऱ्यात विचारीत असे. तो तोरा उतरला त्याची हकिगत आता सांगतो.

आमच्या छापखान्यात एक चित्रकार होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. नगरपालिकेच्या शाळेतून त्यांनी चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, उत्तम रीतीने दिल्या होत्या. ड्रॉइंगच्या गुरुजींनी जे. जे. त जा म्हणून सांगितले. वडील गिरणीत, पाठची चार भावंडे. मास्तर छापखान्यात गेले. निगेटिव्हवर ब्रशाने रिटचिंग करावे, फोटोतले डाग घालवावेत, आणि कॅलेंडरचा हंगाम आला की गणपती, दत्त, साईबाबा, बर्फाचे डोंगर, सगळे काढावे. एखाद्या बाहेरच्या चित्रकाराचे काम आले आणि ते हाफटोनमध्ये चिखल होणार असे दिसले, की मास्तर रात्रीत ते उजळून देत. बाहेरच्याची सही खाली तशीच राही. आणि हजेरीपटावर मास्तरांचा हुद्दा काय होता? हेल्पर. माझाच.

१९९७ मध्ये स्कॅनर आणि संगणक आले आणि ते खाते बंद झाले. कपातीत मास्तरांचे नाव होते. सव्वीस वर्षांची नोकरी. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे तेरा महिन्यांची भरपाई. पण कोणाच्या पगाराने? आम्ही मागणी केली की कुशल कारागिराच्या दराने द्या. मालकांच्या माणसाने विचारले, "यांचे सर्टिफिकेट कुठले? डिप्लोमा आहे?" मी म्हटले, "साहेब, हात पाहा." तो म्हणाला, "हात फाइलला लावता येत नाही."

बरे, म्हणून आम्ही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली तंटा उभा केला. तिथे त्यांच्या वकिलाने दुसरेच काढले. हा माणूस कल्पनेने चित्रे काढतो, म्हणून हा कलावंत आहे. आणि कलावंत हा कायद्याच्या व्याख्येतला 'कामगार'च नव्हे, तेव्हा त्याला या कायद्याखाली काही मागताच येत नाही! पगाराच्या वेळी हेल्पर आणि हक्काच्या वेळी कलावंत. मी संतापलो, टेबलावर हात आपटला, पण हातात कागद नव्हता. तारखांमागून तारखा गेल्या, मास्तरांच्या घरात दोन लग्ने अडली होती, आणि शेवटी तडजोड झाली : हेल्परच्याच दराने भरपाई, वर थोडी ठोक रक्कम. त्या कागदावर युनियनच्या वतीने सही माझी आहे. आजही ती सही मला बोचते.

त्यानंतर मी या पदव्यांचा इतिहास वाचायला घेतला, आणि मला कळले की मास्तरांची कुचंबणा एकट्याची नव्हती. साऱ्या धंद्याचीच तशी स्थिती होती. जे. जे. तून मिळे ती जी. डी. आर्ट, म्हणजे सरकारी डिप्लोमा. चांगला, मानाचा, परंतु विद्यापीठाचा नव्हे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९५० मध्ये ललितकलेची स्वतंत्र विद्याशाखा काढून पदवीचा मार्ग मोकळा केला. मुंबईत १९६१ साली उपयोजित कलेची संस्था मूळ शाळेतून वेगळी झाली. १९६५ मध्ये राज्याचे कला संचालनालय झाले. आणि विद्यापीठाशी संलग्नता होऊन पदवी आली ती १९८१ मध्ये. १८५७ ची ती दोन भावंडे एकाच गावात राहून एकशे चोवीस वर्षांनी भेटली! इंग्लंडातही फार आधी झाले नाही. तिथल्या कलाशाळांचा डिप्लोमा बी. ए. म्हणून ओळखला जाऊ लागला तो १९७४ मध्ये. हाताने केलेल्या कामाला डोक्याने केलेल्या कामाच्या पंगतीत बसवताना तिथल्याही पंडितांना जड गेलेले दिसते. २०२३ मध्ये तर जे. जे. ला स्वतःलाच अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

पदवी आली, त्याबरोबर खर्चही आला. सरकारी संस्थेतल्या जागा मोजक्या. खासगी संस्थांची फी काही लाखांच्या घरात. वर कागद, रंग, आणि आता संगणक व त्यावर चित्र काढायची पाटी. शिकवणी लावून प्रवेशपरीक्षेची तयारी करावी लागते. गावातला ड्रॉइंग मास्तर निवृत्त झाला की त्याची जागा भरली जात नाही, अशा शाळा आपल्या जिल्ह्यातही आहेत. तिथल्या मुलाने स्मरणचित्र कुणाकडून शिकावे? १८५७ साली सुताराच्या मुलाला जे परवडत नव्हते, ते आज त्याच्या पणतूला परवडते का, हे प्रत्येक आईबापाने आपापल्या गावात मोजून पाहावे.

मास्तरांची नात यंदा त्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय इलस्ट्रेशन. सरकारी जागा मिळाली, म्हणून शिकू शकली. गेल्या पावसाळ्यात ती माझ्याकडे एक करारनामा घेऊन आली. मुलांच्या पुस्तकासाठी चोवीस पानांची चित्रे, ठोक रक्कम, आणि खाली एक ओळ : सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे प्रकाशकाचे. ती म्हणाली, "काका, चार वर्षांत आम्हांला सगळे शिकवले. हे वाचायला नाही शिकवले."

मी तिच्यापुढे १९५७ चा कॉपीराइट कायदा ठेवला. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेले चित्र, उलट करार नसेल तर, मालकाचे, हे सतराव्या कलमात आहे. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून केलेल्या रंगचित्राचेही तेच. म्हणून लेखी करार करताना लाजू नये. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरता, हे एकोणिसाव्या कलमात. 'कायमचे' हा शब्द प्रकाशक लिहितो, तो यासाठीच. आणि सत्तावन्नाव्या कलमाप्रमाणे हक्क विकून टाकले तरी 'हे माझे चित्र' असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. तिने हे सगळे वहीत उतरून घेतले. प्रकाशकाशी दोनदा बोलणी झाली. मुदत सात वर्षांवर आली आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिचे नाव घालायचे ठरले. यंत्राला चार शब्द सांगितले की यंत्र चित्र काढून देते, असे आज दिवस आले आहेत. तिच्या वर्गातली मुले त्याला घाबरून आहेत. मी तिला खोटा धीर दिला नाही. स्कॅनर आला तेव्हा मास्तरांना मी खोटा धीर दिला होता.

मग आम्ही दोघे चित्रे घेऊन मास्तरांकडे गेलो. ते आता अठ्ठ्याहत्तरीच्या घरात आहेत, एका डोळ्याने अधू आहेत. पहिले चित्र त्यांनी खिडकीशी नेले. पावसात भिजणारी म्हैस आणि तिच्या पाठीवर बगळा. बराच वेळ पाहिले. पोरीने उजव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, बारीक अक्षरांत सही केली होती. मास्तरांनी तिथे बोट ठेवले.

"बाळ, सही इतकी कडेला नको. कटिंगमध्ये जाईल. चार सूत आत घे."